डाळिंबाच्या तेल्याची पीसीआर: रोगट पानात बँड नाही, नुसत्या पाण्यात मात्र आहे

जेलमधला_झोल (प्रश्न)

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी डाळिंबावरच्या तेल्याचा जिवाणू (झँथोमोनास, पॅथोव्हार प्युनिसी) पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करून तो जेलवर पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, रूपात पाहणं) पानात ओळखायचा आहे. पानं इंदापूर आणि पुरंदरकडच्या बागांतली, मृग बहाराची. तेलकट डाग स्पष्ट, काही डाग मध्ये काळपट-तपकिरी आणि भोवती पिवळी कडा. प्रायमर (कोणत्या तुकड्याच्या प्रती व्हायच्या ते ठरवणारे आखूड डीएनए) जायरेज बी जीनवरचे, तुकडा साधारण ५०० बेसपेअरचा अपेक्षित.

डीएनए सीटॅब (साबणासारखं रसायन) पद्धतीने काढला. १०० मिलिग्रॅम पान खलबत्त्यात द्रव नायट्रोजनमध्ये कुटून. नॅनोड्रॉपवर ७०० ते ९०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, शुद्धतेची मापं: २६०/२८० चं गुणोत्तर १.७५, २६०/२३० चं ०.६. द्रावण किंचित तपकिरी दिसतं. आरएनएझ (आरएनए तोडणारं एन्झाइम) दिलेलं नाही.

पीसीआर २५ मायक्रोलिटरची. आधी १ मायक्रोलिटर डीएनए, ३५ सायकल: ११ नमुन्यांपैकी ३ मध्ये पुसट बँड, बाकी कोरे. मग डीएनए ५ मायक्रोलिटर केला आणि सायकल ४५ केल्या. आता नमुने सगळेच कोरे, आणि एनटीसीत (डीएनएऐवजी पाणी) बरोबर ५०० वर पुसट बँड! शुद्ध कल्चरच्या डीएनएचा पॉझिटिव्ह कंट्रोल दर वेळी ठळक येतो.

खात्री म्हणून १६एसचे (सगळ्या जिवाणूंत असणारा जीन) सार्वत्रिक प्रायमरही लावून पाहिले. त्यात निरोगी पानासकट सगळेच पॉझिटिव्ह.

लॅब विभागाची सामायिक आहे. पिपेटचा एकच संच, जेलची टाकी त्याच खोलीत. गाइड म्हणतात प्रायमर बदला. मित्र म्हणतो पीसीआर सोड, एलायझा (अँटिबॉडीने जिवाणू ओळखणारी चाचणी) कर. काय करावं?

---

थंडपेटी

प्रायमरला हात लावू नका. कल्चरच्या डीएनएवर योग्य जागी एकच ठळक बँड येतो याचा अर्थ प्रायमर, टॅक (प्रती करणारं एन्झाइम) आणि मशीन तिन्ही ठीक आहेत. तुमच्या पीसीआरला दोन वेगळे आजार झालेत आणि तुम्ही दोघांवर एकच औषध चालवलंत. नमुन्यात बँड नाही, हा अडथळ्याचा प्रश्न, म्हणजे नमुन्यातलं काहीतरी पीसीआर रोखतंय. पाण्यात बँड आहे, हा भेसळीचा. अडथळा मोडायला म्हणून सायकल वाढवल्या. अडथळा जागचा हलला नाही, भेसळ तेवढी वर आली.

आकडे पाहा. नळीत भेसळीचा एकच रेणू पडला आणि दर सायकलला १.९ पट वाढ धरली, तर ३५ सायकलींनंतर साधारण ६०० कोटी प्रती होतात. ५०० बेसपेअरच्या तुकड्याचं हे वजन जेमतेम ३ नॅनोग्रॅम. त्यातला पाचवा भाग तुम्ही जेलवर चढवता, तो एथिडियम ब्रोमाइडला दिसत नाही. आणखी १० सायकल म्हणजे आणखी ६०० पट. आता तोच एक रेणू जेलवर येऊन बसतो. साध्या पीसीआरला ३५ ही वरची हद्द माना. ३५ ला दिसत नसेल तर बिघाड नमुन्यात शोधा.

भेसळ कुठून आली ते आता शोधू. पण त्याआधी एक फालतू वाटणारी शक्यता निकालात काढा: एनटीसी जेलवर पॉझिटिव्ह कंट्रोलच्या शेजारच्या खाचेत होता का? लोडिंग करताना थोडं सांडलं तरी शेजारी पुसट बँड येतो. दोघांमध्ये लॅडर (लांबी मोजायचे ठरावीक तुकडे) आणि एक रिकामी खाच ठेवा आणि पॉझिटिव्ह कंट्रोल सगळ्यात शेवटी भरा. नळीतलं उरलेलं एनटीसी याच पद्धतीने पुन्हा जेलवर चढवा. बँड गेला तर पुढचं वाचायची गरज नाही.

राहिला तर एका मास्टर मिक्समधून (सगळ्या नळ्यांसाठी एकत्र केलेलं मिश्रण) ८ एनटीसी लावा, ३५ आणि ४० अशा दोन्ही सायकलींवर. आठही नळ्यांत सारखा बँड आला तर एखादं अभिकर्मक भेसळलेलं आहे. आठांत एक-दोनच आले, तेही दर वेळी वेगळ्या नळीत, तर हवेतून किंवा पिपेटच्या दांड्यातून येतंय. अभिकर्मकाचा संशय असेल तर एका वेळी एकच बदला. क्रम असा: पाणी, मग प्रायमर, मग बफर आणि मॅग्नेशियम, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक), शेवटी टॅक. दहातल्या सात-आठ वेळा पाणी किंवा प्रायमरच निघतं, कारण त्याच बाटलीत दहा जणांच्या टिपा बुडतात. प्रायमर आलेल्या पावडरीपासून नव्याने विरघळवा, १०० मायक्रोमोलरचा साठा करा, आणि १० मायक्रोमोलरच्या २०-२० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून ठेवा. वाटणी एकदा वितळवली की त्या दिवशी संपवायची किंवा टाकायची.

भेसळीचा उगम बहुतेक वेळा तुमचीच जुनी पीसीआर असते. चांगल्या चाललेल्या २५ मायक्रोलिटरच्या नळीत शेवटी तुकड्याच्या जवळपास १ लाख कोटी प्रती असतात. झाकण उघडताना उडालेला १ नॅनोलिटरचा तुषार म्हणजे ४ कोटी प्रती, आणि तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून जेलची टाकी ज्या खोलीत आहे तिथे मास्टर मिक्स करणं म्हणजे पिठाच्या गिरणीत पांढरे कपडे वाळत घालणं. दुसरी खोली नसेल तर निदान एक टेबल, एक पिपेट संच, एक टिपांचा डबा आणि एक अॅप्रन फक्त मिक्ससाठी वेगळा करा. दिवसाचा क्रम एकाच दिशेने: आधी मिक्स, मग नमुन्याचा डीएनए घालणं, मग मशीन, मग जेल. जेल पाहून परत मिक्सच्या टेबलाकडे त्या दिवशी यायचं नाही. टेबलावर पाटी लावा, "जेल पाहून आलेल्यांनी येथे हात लावू नये. विचारून लावला तरी भेसळ होते." पुण्यात आहात, पाटीचं कोणाला वाईट वाटणार नाही.

सफाईला अल्कोहोल पुरत नाही. ७० टक्के अल्कोहोल डीएनए तोडत नाही, फक्त इकडून तिकडे पसरवतं. घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) १ भाग आणि पाणी ९ भाग, त्याच दिवशी केलेलं. टेबलावर १० मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्याने पुसा, नाहीतर पिपेटचं धातूकाम गंजतं. किराणा दुकानातली बाटली उन्हाळाभर फळीवर पडून असेल तर तिचं क्लोरीन बरंचसं उडालेलं असतं, तारीख पाहून घ्या. एक गंभीर सूचना: कॉलमच्या किटचे बाइंडिंग बफर सांडले असतील तर त्यावर ब्लीच घालू नका. त्यात ग्वानिडिनचे क्षार असतात, विषारी वायू निघतो.

वापरलेल्या पीसीआर नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, झाकणं उघडून वाफेबरोबर प्रती लॅबभर जातात. न उघडता दुहेरी पिशवीत बंद करून बाहेर. मिक्सच्या टेबलावर यूव्ही असेल तर रात्री अर्धा तास लावून ठेवा.

---

गाळीव_पाणी

भेसळीबद्दल वर आलंच आहे. मी नमुन्याकडे वळतो, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

२६०/२३० चं गुणोत्तर ०.६ आणि द्रावण तपकिरी, एवढ्यावरच निदान होतं. डाळिंबाच्या पानात टॅनिन आणि इतर पॉलीफेनॉल भरपूर. पान कुटलं की ते हवेने ऑक्सिडाइज होतात, डीएनएला चिकटतात आणि टॅकलाही पकडतात. १ मायक्रोलिटरला ३ नमुने पुसट आले आणि ५ ला एकही नाही, हा अडथळ्याचा पुरावाच. डीएनए पाचपट घातलात तेव्हा टॅनिनही पाचपट गेलं. शिवाय टीई बफरमधला ईडीटीए मॅग्नेशियम पकडतो. १.५ मिलिमोलर मॅग्नेशियमपैकी ०.८ तर डीएनटीपीच धरून ठेवतात. ५ मायक्रोलिटर टीईने आणखी ०.२ जातं.

नॅनोड्रॉपच्या ९०० वरही विश्वास ठेवू नका. आरएनएझ न देता आलेल्या आकड्यात मोठा वाटा आरएनएचा, थोडा फेनॉलचा. आणि जो खरा डीएनए आहे तो जवळजवळ सगळा डाळिंबाचा. झँथोमोनासचा जीनोम सुमारे ५० लाख बेसपेअरचा, म्हणजे एका पेशीचा डीएनए ५.४ फेम्टोग्रॅम. एका पिकोग्रॅममध्ये १८५ जिवाणू मावतात. तेव्हा नॅनोग्रॅम वाढवून संवेदनशीलता वाढत नाही, स्वच्छतेने वाढते.

आजच करण्यासारखी चाचणी: प्रत्येक नमुना न्यूक्लिएझविरहित पाण्यात १:१०, १:५० आणि १:१०० पातळ करा, प्रत्येकी १ मायक्रोलिटर घाला. त्याच वेळी दुसऱ्या नळ्यांत नमुना (पातळ न केलेला) आणि कल्चरचा डीएनए १ पिकोग्रॅम एकत्र घाला. एकट्या कल्चरच्या १ पिकोग्रॅमला बँड येतो पण नमुन्याबरोबर येत नाही, तर अडथळा सिद्ध. पातळ केल्यावर बँड उगवला तर उपायही सापडला. रिअल-टाइम मशीन मिळत असेल तर चित्र अजून साफ: १:१० पातळ केल्यावर सीटी (ज्या सायकलला खूण दिसू लागते तो आकडा) ३.३ ने वाढायला हवा. एकाने वाढला किंवा उलट कमी झाला तर आधीच्या नळीत अडथळा होता. कोविडात सीटी व्हॅल्यू घराघरांत पोचली. तिचा हा उपयोग मात्र लॅबमध्येही कमी लोक करतात.

मिक्स असं ठेवा, एका नळीसाठी २५ मायक्रोलिटर:

दहापट बफर (मॅग्नेशियमविना) २.५
मॅग्नेशियम क्लोराइड, २५ मिलिमोलर: १.५
डीएनटीपी, प्रत्येकी १० मिलिमोलर: ०.५
प्रायमर, १० मायक्रोमोलर: दोन्ही ०.५-०.५
बीएसए, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर: १
टॅक, ५ युनिट प्रति मायक्रोलिटर: ०.२
डीएनए २
पाणी १६.३

बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) इथे टॅनिनला स्वतःकडे ओढून घेतं, टॅक मोकळं राहतं. न्यूक्लिएझविरहित प्रतीचंच घ्या. एलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉटसाठीचं साधं बीएसए घातलंत तर नवी भेसळ विकत घ्याल. बफरमध्ये आधीच मॅग्नेशियम असेल तर वरचं १.५ वगळून तेवढं पाणी घाला, नाहीतर ३ मिलिमोलर होऊन भलतेच बँड येतील. ०.२ मायक्रोलिटर टॅक कोणाच्याही हाताने नीट मोजलं जात नाही, म्हणून १० नळ्या असतील तर ११ चं मिक्स एकत्र करा. टॅक ग्लिसरॉलमध्ये असतं, जड असल्याने तळाशी बसतं. नळी बोटाने हलवून, क्षणभर फिरवून मगच वाटा.

डीएनए काढण्यात कुठे चुकतंय: सीटॅब बफरमध्ये पीव्हीपी होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नव्हतं. बफर असा: सीटॅब २ टक्के, ट्रिस ८.० पीएचचं १०० मिलिमोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, मीठ (सोडियम क्लोराइड) १.४ ऐवजी २ मोलर, पीव्हीपी-४० २ टक्के, आणि वापरायच्या आधी बीटा-मरकॅप्टोइथेनॉल १ टक्का, फ्यूमहूडमध्येच. पीव्हीपी फेनॉलला धरतं, मरकॅप्टो ऑक्सिडेशन थांबवतं. कोवळं पान घ्या, १०० नको, ५० मिलिग्रॅम बस. ६५ अंशांवर ३० मिनिटं, क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (२४:१) एकदा नाही, दोनदा, आणि वरचा थर घेताना शेवटचा पाचवा भाग सोडून द्या. लोभ तिथेच नडतो. मग ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के इथेनॉलने दोन धुण्या. गोळा तपकिरी असेल तर तिसरी.

एक स्थानिक खोडी: सीटॅब १५ अंशांच्या आसपास आणि खाली साक्यासारखा बसतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरं दिसलं तर बफर खराब झालेला नाही, ६५ अंशांवर गरम करून हलवा. पण याच कारणाने क्लोरोफॉर्मआधी नळ्या बर्फात ठेवायच्या नाहीत आणि सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर चालवायचं नाही.

आणि १६एसचं: निरोगी पान पॉझिटिव्ह येणारच. हरितलवक आणि मायटोकाँड्रिया दोघांचाही १६एस जिवाणूंच्या घराण्यातला, सार्वत्रिक प्रायमर तिथे मजेत बसतात. वर टॅक स्वतः जिवाणूत तयार होतं, त्यात जिवाणू-डीएनएचा अंश राहतो, म्हणून १६एसच्या एनटीसीत बँड येणं ही नेहमीची रड आहे. ती पीसीआर तुमच्या प्रश्नाला काही सांगत नाही, बाजूला ठेवा. नमुन्याचा डीएनए वनस्पतीच्या जीनसाठी तरी चालतो का, एवढं तपासायला मात्र एखादी वनस्पतीची प्रायमर-जोडी प्रत्येक नमुन्याला लावा. ती कोरी आली तर तुमचा "निगेटिव्ह" निगेटिव्ह नाही, ती चाचणीच झालेली नाही.

---

मांजरीकर

वरचं सगळं मान्य, पण एक प्रश्न कोणी विचारला नाही: पान कुटायचंच कशाला? तुम्हाला डाळिंबाचा डीएनए नकोय. तेल्याचा जिवाणू डागाच्या कडेला पेशींच्या मधल्या पोकळ्यांत असतो आणि पाणी मिळालं की स्वतःहून बाहेर येतो.

पानावर बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचा थर असेल तर आधी वाहत्या पाण्याखाली धुवा. डागाची कड आणि त्याला लागून थोडा हिरवा भाग असे ३-४ मिलिमीटरचे चार-पाच तुकडे कापा. मधला वाळलेला भाग नको, तिथे बुरश्या आणि मेलेल्या पेशी असतात. १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये ३० सेकंद, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणी. मग २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात टाकून नव्या ब्लेडने दोन-तीन काप द्या आणि २० मिनिटं तसंच ठेवा. चोळू नका. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तर कापाच्या कडेतून धुरासारखा जिवाणूंचा लोट निघताना दिसतो. वरचं पाणी ५० मायक्रोलिटर नव्या नळीत, ९५ अंशांवर १० मिनिटं, लगेच बर्फात, सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जीवर २ मिनिटं, आणि वरचं १ मायक्रोलिटर पीसीआरला. टॅनिन थोडं येतंच, म्हणून सोबत १:१० ही लावा. नायट्रोजन नाही, क्लोरोफॉर्म नाही, अर्ध्या तासात काम.

त्याच पाण्याची एक रेघ न्यूट्रियंट आगरवर ओढा. २८ अंशांवर ४८ ते ७२ तासांत पिवळसर, चकचकीत, फुगीर वसाहती आल्या तर त्यातली एक काडीने उचलून ५० मायक्रोलिटर पाण्यात उकळा आणि पीसीआर करा. याला बायो-पीसीआर म्हणतात आणि तुमच्या कामात याला जास्त किंमत आहे. पीसीआर मेलेल्या जिवाणूचाही डीएनए वाचते. बागेत आठवड्यापूर्वी फवारणी झाली असेल तर पानातला बँड जिवंत रोगाचा की फवाऱ्याने मेलेल्याचा, हे पीसीआर एकटी सांगत नाही. पेट्रीडिश सांगते. फक्त पिवळी वसाहत म्हणजे झँथोमोनासच असं धरू नका, पानावर पँटोइयाही पिवळ्याच असतात आणि वेगाने वाढतात. २४ तासांत उगवलेल्या पिवळ्याकडे जरा संशयाने पाहा.

थंडपेटी यांच्या एका मुद्द्याला दुरुस्ती: यूव्हीवर भिस्त ठेवू नका. २५४ नॅनोमीटरचा दिवा लांब डीएनए चांगला मारतो. तुकडा जितका आखूड आणि जितका कोरडा, तितका तो वाचतो. ३०० बेसपेअरच्या खाली तर फारसा उपयोग नाही. आणि सावलीत काहीच पोचत नाही, टिपांच्या डब्याच्या मागची बाजू तशीच राहते. आधी ब्लीच, मग यूव्ही.

---

थंडपेटी

बरोबर. यूव्ही हे ब्लीचनंतरचं. भेसळ कायमची त्रास देत असेल तर डीटीटीपीऐवजी डीयूटीपी (थायमिनऐवजी युरॅसिल) आणि युरॅसिलवाल्या जुन्या प्रती मोडणारं यूएनजी एन्झाइम हा मार्ग आहे, पण तो आजपासून पुढच्या प्रतींपुरता. लॅबमध्ये आधीच फिरत असलेल्या थायमिनवाल्या प्रतींना यूएनजी शिवतही नाही. हे न कळल्याने लोक महागडं मिक्स आणतात आणि एनटीसीत बँड तसाच पाहून किटला शिव्या देतात.

---

जेलमधला_झोल

पीव्हीपी खरंच नव्हतं. ८ एनटीसी लावले: ३५ सायकलला ०, ४० ला ८ पैकी ८. पाणी बदललं, पुन्हा ८ पैकी ८. प्रायमरची नवी वाटणी घेतली, ४० ला ०. डाळिंबाच्या नमुन्यांत १:५० ला ११ पैकी ७ मध्ये बँड आला, पातळ न केलेल्यात कल्चरचा १ पिकोग्रॅमही दबला. उरलेल्या ४ साठी मांजरीकरांची पद्धत करते.

मग एलायझाची गरज उरते का? गाइड विचारतायत.

---

शहाण्णव_खड्डे

गरज प्रश्नावर अवलंबून. ११ पानांत जिवाणू आहे का, यासाठी नाही. ५०० रोपं तपासायची असतील तर एलायझा अजूनही स्वस्त आणि दमदार आहे. पण जिवाणूसाठी तिची पकड साधारण १ ते १० लाख पेशी प्रति मिलिलिटरपासून पुढे. डाग दिसणाऱ्या पानात तेवढे सहज असतात. वरून निरोगी दिसणाऱ्या रोपात किंवा गुटीत नसतात. म्हणजे रोपवाटिकेतल्या सुप्त संसर्गासाठी, जिथे चाचणी सगळ्यात जास्त हवी, तिथेच ती कमी पडते. दुसरी अडचण अँटिबॉडीची: बहुगुणी, म्हणजे पॉलीक्लोनल अँटिबॉडी जवळच्या झँथोमोनासनाही धरते. कागदी लिंबावरच्या खैऱ्याचा जिवाणू तर याचा सख्खा नातेवाईक, आता दोघांना एकाच प्रजातीत घालतात. विकत घेण्याआधी खैऱ्याच्या कल्चरवर ती किती बोलते ते विचारा.

करायचीच झाली तर दुहेरी अँटिबॉडीची सँडविच पद्धत. अँटिबॉडी ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, प्लेटच्या दर खड्ड्याला १०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर. ०.०५ टक्के ट्वीनच्या पीबीएसने तीन धुण्या, प्रत्येकी ३ मिनिटं, आणि प्लेट टिश्यूवर जोरात आपटून कोरडी. पानाचा रस १:१० मध्ये, २ टक्के पीव्हीपी घालून. इथेही टॅनिन पाठ सोडत नाही, ते प्लास्टिकला चिकटून सगळे खड्डे पिवळे करतं. मग अल्कलाइन फॉस्फेटेझ जोडलेली अँटिबॉडी, मग १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पीएनपीपी (रंग देणारं सबस्ट्रेट), ४०५ नॅनोमीटरवर वाचन ३० आणि ६० मिनिटांनी.

चुकतं ते ठराविक जागी. सबस्ट्रेट बनवायला डायइथेनॉलअमाइनचा ९.८ पीएचचा बफर लागतो. कोणीतरी पीबीएसमध्येच विरघळवतं, आणि फॉस्फेट हा या एन्झाइमला थेट अडथळा आहे. रंग येतच नाही. शेवटची धुणी नीट झटकली नाही तरी तेच. एन्झाइम पेरॉक्सिडेझ असेल तर भानगड वेगळी: बफर टिकावा म्हणून घातलेलं सोडियम अझाइड त्याला मारतं. कडेचे खड्डे मधल्यांपेक्षा लवकर तापतात आणि लवकर सुकतात, म्हणून नमुने कडेला एकटे टाकू नका. दोन-दोन खड्डे, एक कडेला, एक आत. मर्यादा रेषा निरोगी डाळिंबाच्या पानांच्या सरासरीच्या दुपटीवर धरतात. ती पानं निदान सहा-आठ झाडांची घ्या, आणि त्याच जातीची. भगव्याचा नमुना गणेशच्या निरोगी पानाशी तोलू नका.

लॅम्पबद्दलही (एकाच तापमानावर प्रती करणारी पद्धत) कोणीतरी सुचवेलच. ६५ अंशांची पाण्याची टाकी, एक तास, रंगाने निकाल, शेताच्या बांधावर झकास. पण लॅम्प पीसीआरपेक्षा कितीतरी जास्त प्रती करते. सध्या तुमच्या लॅबमध्ये प्रायमरची वाटणीही भेसळते आहे. तिथे लॅम्पची नळी एकदा उघडलीत की महिनाभर पाणीसुद्धा पॉझिटिव्ह येईल. करायची तर नळी न उघडता वाचता येणारा रंग वापरा.

---

गाळीव_पाणी

८ पैकी ८ आणि नव्या वाटणीने ०, म्हणजे प्रायमरच. जुना १०० मायक्रोमोलरचा साठाही तपासा. वाटणी भेसळली की साठा, यावर नवे प्रायमर मागवायचे की नाही ते ठरेल.

लिहिताना: उरलेले ४ "निगेटिव्ह" असं लिहू नका, जोवर त्याच नळीत वनस्पतीची जोडी चालत नाही किंवा १ पिकोग्रॅमची मिसळ दिसत नाही. रिपोर्टमध्ये "अडथळ्यामुळे निष्कर्ष नाही" हा स्तंभ वेगळा ठेवा. आणि निदान दोन बँड जेलमधून कापून सिक्वेन्सिंगला द्या. ५०० वर बँड आला म्हणजे तो जायरेज बीचाच, हे जेल सांगत नाही. कापताना यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटरवर रेंगाळू नका, ३०-४० सेकंदांत आटपा, नाहीतर डीएनए तुटून सिक्वेन्स अर्ध्यात थांबतो.

---

मांजरीकर

एक राहिलं. टॅक आणि प्रायमर ज्या फ्रीजरमध्ये आहेत तो फ्रॉस्ट-फ्री आहे का पाहा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री दिवसातून एक-दोनदा स्वतःला गरम करून बर्फ वितळवतो, आणि प्रत्येक वेळी तुमच्या वाटण्याही अर्धवट वितळतात. त्यात गुरुवारी महावितरणची देखभाल म्हणून दोन-चार तास वीज गेली की भर. टॅक ग्लिसरॉलमुळे तग धरतं, डीएनटीपी धरत नाहीत. वारंवार वितळले की त्यांचे फॉस्फेट तुटतात आणि पॉझिटिव्ह कंट्रोल आठवड्यागणिक पुसट होत जातो. थर्मोकोलच्या डब्यात जेल-पॅकच्या मध्ये ठेवा आणि गुरुवारी सकाळी फ्रीजर उघडू नका.

---

जेलमधला_झोल

फ्रॉस्ट-फ्रीच आहे. थर्मोकोलचा डबा आजच ठेवला. साठ्याची चाचणी उद्या नको मग, उद्या गुरुवार. शुक्रवारी लावते आणि इथेच लिहिते.